कोपऱ्याची गोलाई

जळगाव,
दि. २२ नोव्हेंबर १९९८

ती. नानांस,

अभिमनचा नमस्कार. मंजुळाअक्कांनाही सांगावा.

तुम्ही कारखाना सोडून सहा महिने उलटून गेले. एवढ्या दिवसांत मी दोन ओळीही लिहिल्या नाहीत, याचा राग आला असेल. इकडे थंडी पडायला लागली. फवारणी पंपाच्या टाक्यांची ऑर्डर अजून चालू आहे. नथ्थू मोठ्या प्रेसवरच आहे. तुमच्या बाकावर नाशिकचा नवा फिटर बसतो. तुमच्या कानशी त्याने नीट ठेवल्या आहेत.

मागच्या सोमवारी अक्का मला जळगावच्या स्टँडवर भेटल्या. बोदवडला लग्नाला चालल्या होत्या. तुमची तब्येत विचारली तर म्हणाल्या, "तब्येत चांगली शे. पन तुमना नाना आते विळालेबी धार लावतस नही. म्हनतस, मना हातवर मना भरोसा नही ऱ्हायना." धुळ्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी नजर चांगली आहे म्हणून सांगितलं, तरी तुमचा विश्वास बसत नाही, असंही म्हणाल्या. गाडी लागली आणि त्या गेल्या. मला मात्र त्या दिवसापासून जेवण जात नाही.

नाना, मार्चमधली ती टाकी आठवते ना? पुण्याहून शिकून आल्यावर मी कॉम्प्युटरवर बसवलेलं ते पहिलंच काम. पत्रा दाबायची डाय बनवण्याआधी तो कुठे ताणेल, कुठे पातळ होईल, ते पडद्यावर रंगांत दिसायचं. माझी टाकी सगळी हिरवी, म्हणजे कुठेच न फाटणारी, आली होती. साहेब खूश. तुम्ही ड्रॉइंग हातात घेतलंत, खालच्या कोपऱ्यावर खडूने रेघ मारलीत आणि म्हणालात, "आठे पत्रा फाटी जाई, अभिमन. कोपराले जरासा गोलाई दे." मी हसलो होतो. सगळ्यांसमोर म्हणालो होतो, "नाना, मशीनला अंदाज लागत नाही, ती हिशोब करते."

मग तुम्ही माझ्या ड्रॉइंगप्रमाणेच डाय बनवलीत आणि ट्रायलला दहातल्या सात टाक्या फाटल्या. सगळ्या त्याच कोपऱ्यात.

मागच्या आठवड्यात कपाट आवरताना मला पत्र्याच्या तपासणीचा कागद सापडला. मी कॉम्प्युटरला खोल ओढायच्या मऊ पत्र्याचे आकडे दिले होते. गोदामात आलेला पत्रा साधा होता, कमी ताणणारा. खरे आकडे घालून परत चालवलं, तर बाकी टाकी हिरवी आणि तुम्ही रेघ मारलेला कोपरा लालभडक. कॉम्प्युटर चुकला नव्हता, नाना. तुम्हीही चुकला नव्हता.

इथवर लिहून मघाशी उठलो होतो. परत बसलोय. वर एक खोटं लिहिलंय, ते खोडत नाही, तसंच राहू द्या.

तो कागद मागच्या आठवड्यात सापडला नाही. ट्रायलनंतर तिसऱ्या दिवशीच सापडला होता. तेव्हा तुम्ही तिथेच, दहा पावलांवर, डायला पॉलिश करत होता. दोन दिवस तुम्ही त्या डायवरून बोटं फिरवून खोट शोधत होता आणि मी कॉम्प्युटरच्या खोलीच्या काचेतून बघत होतो. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, "डिझाइन बरोबर आहे, तर मग फाटतं कसं?" कागद माझ्या खिशात होता. मी म्हणालो, "नानांची नजर कमी झालीय, साहेब. कोपऱ्याची घासाई नीट झालेली नाही."

एवढंच बोललो. पुढचं सगळं साहेबांनी केलं. तुम्ही आखाजीच्या सणाआधी प्रकृतीचं कारण देऊन राजीनामा लिहून दिलात. निरोपाच्या दिवशी तुमच्या गळ्यात हार मीच घातला. भाषणही मीच केलं. तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणालात, "मना डोयास्नी दगा दिधा रे."

गुरुवारी साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आता उकरून काय उपयोग? गिऱ्हाइकाला आपण फिटरची चूक म्हणून कळवलंय. गप्प बस." शुक्रवारी दुपारी पाळी बदलताना मी टूलरूममध्ये उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर बोललो. कागदही दाखवला. नथ्थूने हात पुसले आणि म्हणाला, "नानानी तं बठ्ठं सांगेल व्हतं. कोन्हीच आयकं नही." मग सगळे चहाला गेले. मला कोणी चल म्हणालं नाही.

काल साहेबांनी कॉम्प्युटरच्या खोलीची चावी काढून घेतली. उद्यापासून मी गोदामात पत्रे मोजायला. इथे ठेवतील की नाही, तेही सांगता येत नाही. त्याचं वाईट वाटत नाही असं लिहिलं तर तेही खोटं होईल.

सोबत एक कागद जोडला आहे. डाय निर्दोष होती, आकडे मी चुकवले आणि नजरेची गोष्ट मी रचली, असं त्यावर माझ्या सहीने लिहिलं आहे. धुळ्यात कुठल्याही वर्कशॉपात दाखवा. नाही दाखवलात तरी एकदा स्वतः वाचा. अक्कांनाही वाचून दाखवा.

माफी मागायला शब्द शोधत होतो. सापडले ते सगळे माझ्याच सोयीचे निघाले, म्हणून लिहीत नाही. उत्तर नाही आलं तर का नाही आलं, ते मला कळेल.

ज्याच्यावर तुम्ही स्वतःच्या डोळ्यांपेक्षा जास्त विश्वास ठेवलात, तो
अभिमन