शेक

३ डिसेंबर
आले एकदाची! तीन मजले, दोन बॅगा आणि जिन्यात माझी बडबड. चिमीने भिंतीला धरून का होईना, उभं राहून मिठी मारली. धाकटी बहीण माझी, पण आता माझ्याहून थकलेली दिसते. दोन वर्षं झाली या नसांच्या आजाराला. तिचा नवरा जहाजावर, मार्चमध्ये यायचा, तोवर मीच. घर झकास आहे, फक्त खिडक्या सगळ्या सताड उघड्या. एवढ्या थंडीत आजारी माणूस आणि हे वारं! लावून टाकल्या. माळ्यावरचा हीटरही काढून पुसला. चिमी नको म्हणत होती. तिला लहानपणापासून सगळंच नको असतं.

५ डिसेंबर
दिवसाचा क्रम लावून घेतला. सकाळी गरम तेलाने मालिश, मग कढत पाण्याची आंघोळ, दुपारी पाठीला पिशवीचा शेक. आई म्हणायची, शेकलं की अंग मोकळं होतं. आंघोळीनंतर चिमीला कंगवा धरवेना, तेव्हा मीच वेणी घातली. दोघी शाळेच्या गोष्टी काढून खूप हसलो. फार बरं वाटलं मला.

८ डिसेंबर
चिमी न्हाणीघराच्या दारात पाय दुमडून पडली. समोरचं धूसर दिसतं म्हणाली. उकडतंय, उकडतंय, हा धोशा आहेच. थंडी बाधली असणार. आता शेक दोन वेळा.

९ डिसेंबर
दर सोमवारी येणारी फिजिओ आज आली आणि हीटर बघून भडकलीच. म्हणे, चिमीच्या नसांवरचं आवरण झिजलंय, वायरीचं प्लास्टिक निघावं तसं. अंग जरासं तापलं तरी मेंदूचा निरोप वाटेतच थांबतो. स्नायू धड असतो, पण त्याला हुकूमच पोचत नाही. अंग गार झालं की पुन्हा पोचतो. म्हणून खिडक्या उघड्या हव्यात, ओला रुमाल हवा. मी मान डोलावली. कालची पोर मला शिकवणार! शेकून कुणी मेल्याचं ऐकलंय का? ती जिना उतरली आणि तिने उघडलेल्या खिडक्या मी परत लावल्या. चिमी रडली. मलाही राग आला. घरदार सोडून मी आले ती कुणासाठी?

१२ डिसेंबर
चिमीचं बोलणं आता कळत नाही. घास तोंडात तसाच राहतो. नुसती खिडकीकडे बघत असते.
आंघोळीनंतर माझाही डावा डोळा दहा मिनिटं धुरकट होता, पायही जड. सर्दी असेल.

१४ डिसेंबर, सकाळ
मला ताप. एकशे दोन. तरी चिमीचं चुकवलं नाही. हीटर पलंगाशी सरकवला, दोन पांघरुणं घातली, ऊब राहावी म्हणून दार ओढून घेतलं. बाहेरच्या खोलीत जरा टेकते.

दुपार
उठता येत नाही. पाय आहेत. मी सांगतेय त्यांना, ऊठ म्हणून. ऐकत नाहीत.
निरोप पोचत नाही — फिजिओने सांगितलं होतं तेच — अगदी तेच. माझ्यातही हेच आहे.
म्हणजे चिमीला रोज मी — माझ्या हातांनी — ती सांगत होती आणि मी —

हीटर चालू आहे. दार बंद. फोन आत, चिमीच्या उशाशी. हाक मारली, आवाज धड निघत नाही. तिने मात्र ओळखलं. दोनदा काहीतरी म्हणाली. ताईच म्हणाली.
आज शनिवार. फिजिओ सोमवारी.

खुर्चीवरून पडले. वही हाताखालीच. फरशी गार आहे. गाल टेकवलाय, पोटऱ्या टेकवल्यात. गार झालं की पोचतो, म्हणाली होती. दार दहा पावलांवर.
अक्षर दिसत नाही नीट —

चिमे, माफ कर गं. तू नको म्हणत होतीस.

अंगठा हलला. उजवा. अजून थोडं गार — थोडंच — आले मी, थांब, ताई येतेय —
हाक नाही आली मघापासून. हीटरची घरघर तेवढी —
गुडघा हलला — चिमे, आवाज दे — एकदाच आवाज —