पाय धुऊन वर या

शुक्रवार

एकदाचे निघालो! ताईने दिलेली ही वही आज उघडली. नववीत शाळा सुटली तरी लिहिणं सोडू नकोस, असं ती सारखी म्हणते.

होडी कप्तानाची. कप्तान हे नुसतं टोपणनाव. तो मोटारी दुरुस्त करतो आणि ही शिडाची होडी त्याने भंगारातून उभी केली आहे. शिडं शिवली शिंप्याने. शिंपी हसला की त्याचा सोन्याचा दात चमकतो, आणि तो सारखाच हसत असतो. तिसरे म्हणजे भावोजी, ताईचे यजमान. तिघे लहानपणापासूनचे दोस्त. मला आवराआवरीसाठी आणलंय असं चिडवतात. तेही खोटं नाही. मी लॉजवर खोल्या आवरतो. मला पसारा बघवत नाही.

ताईला सातवा महिना आहे. धक्क्यावर तिने मला बाजूला घेऊन बजावलं की यांना जसे नेतोयस तसे परत आण. दोन दिवसांचा तर प्रश्न, मी म्हटलं.

दुपारी बेट आलं. माड, निळंशार पाणी, माणूस एक नाही. वाळू मैद्यासारखी. होडी जरा लांब नांगरली. खालच्या खोलीत भिंतीला लागून चार फळ्या आहेत, त्यांवर चादरी घातल्या आणि कोपरे नीट खोचले. छान वाटलं.

शनिवार

आज तिघांनी बेटावर गळ्यापर्यंत वाळूत पुरून घेतलं. मला अंगाला वाळू चिकटलेली सोसत नाही, म्हणून मी बूटमोजे घालून नुसत्या हातांनी त्यांच्यावर वाळू थापत बसलो. चांगली गुळगुळीत थापली. भावोजी म्हणाले की इतकं गार, इतकं हलकं जन्मात वाटलं नव्हतं. कुणी उठायलाच तयार होईना. ऊन उतरल्यावर एकेकाला ओढून काढलं.

पुढे व्हायचं तेच झालं. शिडीपाशी पाण्याची बादली ठेवून मी घसा कोरडा केला, पाय धुऊन वर या, पाय धुऊन वर या. एकाने ऐकलं असेल तर शपथ. सगळी होडी वाळूने भरली. मी झाडून समुद्रात लोटली.

रविवार

आज परतायचं होतं. वारा अजिबात नाही. शिडं पोतेऱ्यासारखी लोंबताहेत. इंजिन सुरू होत नाही. भावोजींनी कप्तानाला विचारलं की गावभरच्या गाड्या चालू करतोस आणि स्वतःची होडी तेवढी बंद का? कप्तान म्हणाला, तिला कळतं मालक सुट्टीवर आहे. सगळे हसले. मी नाही. मोबाइलला रेंज नाही, ताई वाट बघत असेल.

आणि आज कुणी बेटावर गेलंच नाही, तरी चादरींत वाळू! झाडली, तासाभराने पुन्हा तितकीच. मी ओरडलो. भावोजी म्हणाले, तुमच्याशी लग्न करणारी बिचारी दिवसभर पायच धुवत बसेल. शिंप्याचा दात चमकला.

सोमवार

वारा नाही. बादल्या भरभरून वाळू फेकली. माझी कंबर गेली, आणि हे तिघे लोळताहेत. म्हणतात, अंगात त्राण नाही.

तिघांचे कपडे ढगळ झालेत. शिंपी म्हणाला, घरी गेल्यावर सगळ्यांच्या विजारी आत घेईन, दोस्त म्हणून फुकट. भावोजींची अंगठी दोनदा गळून पडली. मी ती माझ्या खिशात ठेवली.

होडीच्या बुडाचा लाल रंग पाण्यावर आलाय. कप्तान म्हणाला की सामान संपत आलं, ओझं कमी झालं. पण पाण्याचे कॅन अजून भरलेलेच आहेत. मग कसलं ओझं कमी झालं?

मंगळवार

सकाळी शिंपी जागेवर नव्हता. फळीवर त्याचा सदरा, विजार आणि वाळूचा हा ढीग. पोहायला गेला असेल, आणि जाताना माझ्यासाठी हे ठेवून गेला! माझं डोकंच फिरलं. चादर चारी कोपऱ्यांनी उचलली, वर नेली, कठड्यावरून समुद्रात झटकली. चांगली तीनचारदा झटकली.

काहीतरी टणकन माझ्या पायाशी पडलं.

सोन्याचा दात.

मंगळवार, संध्याकाळ

मी शुक्रवारपासून — नाही, शनिवारपासून — रोज, दिवसातून किती वेळा — बादल्याच्या बादल्या —

त्या दोघांना सांगितलं. कप्तान हसला नाही. त्याने बाही वर केली आणि कोपर दाखवलं. तिथून वाळू झरत होती.

मी झाडू समुद्रात फेकून दिला.

बुधवार

कप्तान इंजिनाशी झुंजत होता. पाना लावला, सगळा जोर लावला. पाना जागेवर राहिला. हात —

त्याचं सगळं मी डब्यात भरलं. फटीतलं बोटाने काढून. एक कण सोडला नाही.

भावोजींवर पाणी शिंपडलं की ते धरून राहतात. वाळल्यावर पुन्हा गळतात. मी खोलीच्या तोंडावरचं झाकण बंद करून खालीच बसलोय, वाऱ्याची झुळूकही आत येऊ नये म्हणून. चार दिवस वारा नाही म्हणून शिव्या घातल्या, आता वाटतं, नकोच.

गुरुवार

कॅनमधलं पाणी संपलं. समुद्राचं शिंपडून पाहिलं, तर ते उलट जास्तच गळतात. भावोजींनी विचारलं की मुलगा झाला तर कुणावर जाईल. मग म्हणाले, मेहुणे, मला फेकू नका हं. मस्करी करत होते. मला हसता आलं नाही.

दुपारी ते बोलायचे थांबले.

मोठ्या पातेल्यात भरले. झाकण, वर चादर, चादरीला गाठी. अंगठी आत ठेवली. जसे नेले तसे — ताई, जेवढे राहिले तेवढे तरी —

शुक्रवार

वारा! होडी नांगराला हिसके देतेय. शीड चढवलं की संध्याकाळपर्यंत धक्का. दोर ओढायचा, नांगर काढायचा. येतं मला, बघून शिकलोय.

वर जाऊन आलो. दोर हातात टिकत नाही. पकडलं की बोटं —

मी बेटावर बूट काढले नव्हते. अंगाला लावून घेतली नव्हती. नुसते हात —

पातेलं मांडीत घेतलंय. गाठी घट्ट आहेत, दातांनी आवळल्या. वाऱ्याने झाकण वाजतंय. पेन दोन्ही हातांनी धरून —

पानावर वाळू कुठून आली? अक्षर दिसेना म्हणून सवयीने फुंकर मारली आणि उजव्या हाताचं —