चकली तपासणी विभाग, आनंद नगर

१० सप्टेंबर, सकाळ
आजपासून रोजनिशी. ऱ्हस्व-दीर्घ तपासून. पुढेमागे कोणी विचारलं की आनंद नगरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये एआय कसं आलं, तर लेखी पुरावा असावा. तोपर्यंत कोणी वाचायची नाही.

पुराव्यासाठी: कांचन काकूंचं फराळाचं काम. घरामागे शेड, चार कढया, पाच बायका. डिलिव्हरीला काकूंचा मुलगा अमित, इथेच वाढलेला, हिंदीच बोलतो. पॅकिंगला मी, जितेंद्र. शिक्षण पॉलिटेक्निक, दुसऱ्या वर्षापर्यंत. तिथला अभ्यासक्रम माझ्या वेगाने चालत नव्हता.

गेल्या दिवाळीत मऊ चकल्यांच्या तक्रारी आल्या. येणारच. कढईवरच्या लीलाताईंचा एक डोळा कढईत, एक मोबाईलवरच्या मालिकेत. काकूंना म्हटलं, वरून एक कॅमेरा लावू. खराब चकली दिसली की बझर. काकू म्हणाल्या, तो कॅमेरा तळणार का? म्हटलं नाही, तपासणार. म्हणाल्या, मग तळणारं काही निघालं की सांग.

१० सप्टेंबर, रात्रीच्या जेवणानंतर
बाबांना सांगितलं. ते पोळी मोडत म्हणाले, उदयमामांच्या मेडिकलमध्ये पाडव्यापासून माणूस हवाय, मी शब्द दिलाय. तोवर काय दिवे लावायचे ते लाव.

लावणार. मेडिकलच्या काउंटरमागे उभा राहून आयुष्यभर खोकल्याचं औषध देणार नाही. पाडव्यापर्यंत काकूंनी मला तपासणी प्रमुख म्हणून कायम करायला हवं. करतील.

१२ सप्टेंबर
काकू तयार! अट एकच. वसुबारसेपर्यंत यंत्र नीट चाललं तर मी प्रमुख, नाही तर मेडिकल. शिवाय पितृपक्षात नवीन काही सुरू करायचं नाही. म्हटलं, नियोजन हे सुरू करण्यात मोडत नाही. काकू म्हणाल्या, मग बसून कर, वस्तूंना हात लावू नको.

बसून ठरवलेलं धोरण: मोठं मॉडेल नको. ज्याला कायदाही येतो आणि कविताही येते त्याला चकली कशाला विचारायची? छोटं मॉडेल, एकच काम, आपल्याच मालाच्या फोटोंवर शिकवलेलं. काकूंच्या जुन्या फोनवर चालेल. हे सगळं मी व्हिडिओ बघून स्वतः शिकलो आहे.

१५ सप्टेंबर
काकूंची भाची योगिनी आली होती. ती सॉफ्टवेअर कंपनीत आहे, घरून काम करते, म्हणजे दिवसभर मोकळी. न विचारता सल्ले दिले. फोटो शेडमध्येच काढ, त्याच बल्बखाली, त्याच परातीत, रोजच्या मालाचे. चांगले जितके, तितकेच बिघडलेले. मग आठवडाभर यंत्र नुसतं बघू दे, बायका काय म्हणतात आणि ते काय म्हणतं ते ताडून बघ. आणि निकाल द्यायचं काम त्याला देऊ नको, त्याने फक्त "इकडे बघा" म्हणावं.

पुस्तकी ज्ञान. आठवडाभर नुसतं बघायला मी काय पाहुणा आणतोय? मी मान हलवली आणि ठरवलं की यातलं काही करायचं नाही.

२२ सप्टेंबर, घटस्थापना
फोटोंचा दिवस.

फोटो म्हटल्यावर शेडचं वातावरणच बदललं. लीलाताई नवी साडी नेसून आल्या. मी म्हटलं, ताई, फोटो चकलीचा आहे. त्या म्हणाल्या, काहून, हात नाही का दिसणार माझे? सगळ्यांनी सोऱ्या घासून घेतला, एकेक चकली पाच मिनिटं लावून पाडली. असे गोल मी आजवर पाहिले नाहीत. काकूंनी पाहुण्यांची फुलांची प्लेट काढून दिली. शेडमधला पिवळा बल्ब शोभेना म्हणून बाहेर तुळशीपाशी काढले. तीनशे फोटो. एकाहून एक.

आता बिघडलेल्या. इथे असहकार. म्हटलं, एखादी मऊ, तुटकी द्या. पाचही जणींच्या तेवढ्या वेळात एकही बिघडली नव्हती. लीलाताई म्हणाल्या, बिघडलेलीचा फोटो काढून राहिला, खाली नाव लिहिशील तर? आमच्या नागपुरापर्यंत जाईल तो फोटो.

डेटाची अशी गैरसोय मोठमोठ्या कंपन्यांनाही होते.

२४ सप्टेंबर
तोडगा माझा. बिघडलेल्या चकल्या मी घरी स्वतः केल्या. आईने गॅस पेटवून दिला आणि बाल्कनीत जाऊन बसली. करपलेल्या, फुटलेल्या, पूर्ण काळ्या, सगळे प्रकार झाले. एक चांगली करून बघावी म्हटलं, पण तीही यादीत बसली. वर्तमानपत्रावर ठेवून फोटो काढले. बाबा कामावरून आले, ओट्याकडे पाहिलं, खिडकी उघडली, म्हणाले, उदयला फोन करून सांगतो, मुलगा मेहनती आहे.

२६ सप्टेंबर
मॉडेल तयार. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव चकल्या बरोबर ओळखल्या! अमितला व्हॉट्सॲप केलं. त्याने "मुबारक हो उस्ताद" लिहिलं, तेही रोमन लिपीत. योगिनीला मुद्दाम कळवलं. तिने विचारलं, शेडमधल्या चकल्यांवर तपासलंस का? काही लोकांना दुसऱ्याचं यश पचत नाही.

२९ सप्टेंबर
पहिली चाचणी. फोन लाकडी स्टँडवर, खाली परात. पहिली चकली, बझर. दुसरी, बझर. परातभर चकल्या, परातभर बझर. लीलाताईंनी कानात बोळे घातले आणि मालिका सबटायटलवर लावली.

मी शांत राहिलो. मग अमितने कुठून तरी ती फुलांची प्लेट आणली आणि तीच चकली त्यात ठेवली. बझर बंद. तुटकी ठेवली. बंद. मग त्या मेल्याने स्कूटरचं रबरी वॉशर ठेवलं. पास. काकूंना हाक मारून म्हणतो, मम्मी, ये देख, अपना नया आयटम!

सगळ्या हसल्या. हसू देत. निष्कर्ष: मॉडेलची निरीक्षणशक्ती अपेक्षेपेक्षा जास्त निघाली. त्याने प्लेटसुद्धा शिकून घेतली.

१ ऑक्टोबर
दोन दिवस बसून सगळ्या फोटोंतून प्लेट आणि वर्तमानपत्र कापून टाकलं. आता नुसती चकली. नव्याने शिकवलं. परातीत ठेवून पाहिलं. चक्क बरोबर! चांगलीला गप्प, तुटकीला बझर, वॉशरला तर लांबलचक बझर. काकू स्टँडसमोर पाच मिनिटं उभ्या राहिल्या. म्हणाल्या, बरं दिसतंय रे, जितू.

ही नोंद मी दोनदा वाचली.

२ ऑक्टोबर, दसरा
यंत्रपूजा. कढया, सोरे, वजनकाटा, अमितची स्कूटर. आणि या वर्षी पहिल्यांदा आमचा फोन. काकू म्हणाल्या, तुझं यंत्र, तूच पूजा कर. स्टँडला झेंडूचा हार घातला. हळदकुंकू लावताना नेहमीप्रमाणे काळजी घेतली. इकडेतिकडे फासलं नाही, कॅमेऱ्याच्या बरोबर मध्यभागी बोट टेकवलं. तेलाचं बोट होतं म्हणून कुंकू छान बसलं. अमितने त्याच्या हेडलाइटवर नुसतं शिंपडलं होतं. माणसाचं काम असं कळतं.

४ ऑक्टोबर
मॉडेल कडक झालं आहे. नेहमीच्या रंगाच्या चकल्यांनाही करपलेलं म्हणतं. काकूंनी विचारलं, परवा तर नीट होतं? म्हटलं, वापरात आलं की मॉडेल परिपक्व होतं. हे कुठे वाचलं ते आठवत नाही, पण वाचलेलं असणार.

१३ ऑक्टोबर
पिपलानीच्या मराठी मंडळाची ऑर्डर आली! दिवाळी पहाटेला सगळ्या श्रोत्यांना फराळाचं पाकीट. सेक्रेटरी श्रीकांत काका स्वतः येऊन गेले. माझ्या विभागाची खरी परीक्षा. मी पाटी लावली: "तपासणी विभागाच्या मंजुरीशिवाय माल हलवू नये." चार वेळा शुद्धलेखन तपासलं.

१४ ऑक्टोबर
दिवसभर बझर. लीलाताई झारा घेऊन आल्या. अरे बाबू, चकली तपकिरीच असते, काहून वाजून राहिलं हे? म्हटलं, ताई, डोळ्यांना सवय लागते, यंत्राला लागत नाही. त्या म्हणाल्या, मंग का कच्च्या तळू?

मी म्हटलं, यंत्र गप्प होईल तितपत तळा.

काकू तेव्हा बाजारात होत्या. मी प्रमुख होणार होतो, त्यामुळे निर्णय घेणं भाग होतं. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि लवकर काढायला लागल्या. दुपारनंतर एकही बझर नाही. शेडमध्ये अशी शांतता कधीच नव्हती. पाकिटं मी स्वतः सील केली. चकल्या गोऱ्यापान दिसत होत्या.

१६ ऑक्टोबर
सगळी ऑर्डर परत.

श्रीकांत काकांनी काकूंना फोन स्पीकरवर घ्यायला लावला. म्हणाले, वहिनी, कार्यकारिणीने चव घेतली. ही चकली आहे की चकलीचं पीठ? आमच्या खजिनदारांची कवळी बाहेर आली. चकलीला चिकटून. काकूंनी माफी मागितली. वीस वर्षांत मागितली नसेल.

मी मुद्दा मांडला. रंग तपासणं हे विभागाचं काम होतं. मऊपणा फोटोत दिसत नाही, त्यामुळे तो आमच्या कार्यकक्षेबाहेर आहे. काकूंनी पदर खोचला, चारही कढया पेटवल्या आणि पाकिटं फोडून सगळ्या चकल्या पुन्हा तळायला घेतल्या. मी झाऱ्याला हात लावला तर म्हणाल्या, नको, तू पाटी तेवढी काढ.

अमित काही चेष्टा करेल असं वाटलं होतं. केली नाही. पाणी आणून दिलं. त्यापेक्षा चेष्टा परवडली असती.

१७ ऑक्टोबर, वसुबारस
योगिनी आली. फोन हातात घेतला, उलटा केला, बघत राहिली. मग ओढणीला साबणाचं पाणी लावून कॅमेरा पुसला. ओढणी लाल झाली. म्हणाली, जितू, हे दसऱ्यापासून आहे? म्हटलं, पूजेचं कुंकू आहे, आपोआप गळायचं असतं. तिला हसू आवरेना. शेवटी लीलाताईंनी तिच्या पाठीवर थोपटलं.

लेन्स पुसणं हे तांत्रिक काम नाही, सफाईत मोडतं. माझा दोष कुठे आहे ते मला अजून सापडलेलं नाही.

मग ती कढईपाशी पाटावर बसली आणि मंडळाकडून परत आलेल्यांपैकी पुन्हा तळायची राहिलेली एक मऊ चकली सगळ्यांसमोर खाऊन म्हणाली, मावश्यांनो, मला अशाच हव्यात, अजून आहेत का? पाचही जणी हसत डबे उघडून बसल्या. आधीच्या घाण्यातल्या तुटक्या, मऊ, करपलेल्या, सगळ्या! माझ्यापासून लपवल्या होत्या. लीलाताई तर म्हणाल्या, ही पाहा माझी, सगळ्यांत भंगार.

यावर माझं म्हणणं असं की त्या दिवशी प्रकाश वेगळा होता.

१९ ऑक्टोबर
यंत्र चालतंय. योगिनीने त्या डब्यांतल्या आणि चांगल्या चकल्यांचे शेडमध्येच फोटो काढून नव्याने शिकवलं, पिवळ्या बल्बखाली, तेलकट परातीत. आता बझर नाही, बारीक टिक् वाजतं. बायका वळून बघतात आणि ठेवायची की काढायची ते त्याच ठरवतात. मंडळाची ऑर्डर वेळेत गेली. योगिनी म्हणाली, पाया जितूचाच आहे, छोटं मॉडेल आणि जुना फोन. हे ती सर्वांसमोर म्हणाली, हे नमूद करतो.

संध्याकाळी काकूंनी बाजूला घेतलं. म्हणाल्या, बेटा, यंत्राला आता माणूस लागत नाही, आणि पॅकिंगला अमितची आतेबहीण येतेय. मेडिकल चांगलं आहे, पंख्याखाली बसशील. मी म्हटलं, मी स्वतःच राजीनामा देणार होतो. काकू म्हणाल्या, बरं. मग मला चिवड्याची पिशवी दिली.

राजीनामा घरी येऊन लिहिला. दोन पानं. देणार नाही, पण लिहून ठेवला.

२२ ऑक्टोबर, पाडवा
आरोग्य क्षेत्रात प्रवेश. दुकान अशोका गार्डनला. उदयमामांनी हातात फडकं दिलं. दुपारी त्यांना सुचवलं की गोळ्यांच्या पट्ट्या ओळखणारं एक छोटं मॉडेल तयार करता येईल. आपल्याच मालाचे फोटो, एकच काम. मामा म्हणाले, आधी वरचा कप्पा.

कप्पा पुसला. मी हरलेलो नाही.

२५ ऑक्टोबर
काउंटरवर असताना काकूंचा फोन! पहिल्या रिंगला उचलला नाही. उतावळेपणा दिसतो. तिसरीला उचलला. काकू म्हणाल्या, जितू, तुझ्यावाचून अडलंय रे.

मला माहीत होतं. अटी तयारच होत्या. म्हटलं, काकू, येईन, पण पद लेखी हवं आणि तपासणीचा अंतिम शब्द माझा.  मग काकू म्हणाल्या, नाही रे, तो फोनचा चार्जर. तुझा होता ना? जाताना तू घेऊन गेलास. दुसरा कुठला बसत नाहीये, सुट्टीनंतर आज शेड उघडली तर सकाळपासून यंत्र बंद आहे.

संध्याकाळी अमित दुकानावर आला. चार्जर देताना त्याला बजावलं की मूळ कल्पना कोणाची, हे शेडमध्ये विसरू नका. तो म्हणाला, हाँ भाई, बिलकुल. मग वायर ताणून पाहिली आणि विचारलं, ये थोडा टेढ़ा पकड़ के लगाना पड़ता है क्या?

मी म्हटलं, हो. डावीकडे.