खांद्यावरची चार बोटं

ईडन प्रेरी, ९ नोव्हेंबर २००२

ती. लतिकाताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू रडत बसतेस, म्हणून लिहिते. तुझा यशोधन मिनेसोटाच्या विधानसभेत जायचा थोडक्यात राहिला. चौसष्ट मतं कमी पडली! महिनाभर मी त्याच्याबरोबर दारं ठोठावली, पायांना फोड आले, आणि मतदानाच्या दिवशी घरी बसले, कारण मी इथली नागरिक नाही. कॉलेजला आला तेव्हापासून माझ्या हातचं जेवलाय तो. मला चैन पडेना.

म्हातारपणी साताऱ्याला परतायचं म्हणून सत्तावीस वर्षं भारतीय पासपोर्ट जपला. आता तो सोडून इथलं नागरिकत्व घ्यायचा अर्ज करतेय. हसू नकोस.

लोभ आहेच, तो तसाच राहू दे.
तुझी शोभना

पार्सिपनी, ७ नोव्हेंबर २००४

चि. शोभनास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आमदाराच्या मावशीचा विजय असो! सतरा मतांनी का होईना, आला निवडून. तू नागरिकत्वाची शपथ घेऊन पहिलं मत त्याला दिलंस, वर गाडी न चालवणाऱ्या तेवीस म्हाताऱ्यांना सहा खेपा करून मतदानाला नेलंस. मावशी नसती तर मी पुन्हा पडलो असतो, असं तो स्वतः म्हणाला.

इथल्या ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातून पेढे पाठवतेय. सगळे एकटीने संपवू नकोस, शुगर आहे तुला. तुझ्या शपथेच्या दिवशीचा फोटो मी फ्रेम करून घेतलाय. हिरव्या इरकलीत किती छान दिसतेस, त्याच्या खांद्यावर हात ठेवून!

त्याच्यावरची माया कधी आटू देऊ नकोस.
लतिका

ईडन प्रेरी, १९ ऑक्टोबर २००६

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

यशोधनचं प्रचाराचं पत्रक आज टपालात आलं. सोबत पाठवतेय, नीट बघ. तोच शपथेच्या दिवशीचा फोटो, पण मी कापलेली. खांद्यावर माझी चार बोटं तेवढी राहिलीत. मी विचारलं, तर म्हणाला की मावशी, डोन्ट टेक इट पर्सनली, कन्सल्टंटच्या मते साडी बघून इथले व्होटर बिचकतात.

ताई, हीच साडी नेसून मी दारोदार फिरले होते. तेव्हा कुणी बिचकलं नाही.

तरी या वेळी गाडी काढीन. म्हाताऱ्यांना शब्द दिलाय.

राग तुझ्यावर नाही.
शोभना

पार्सिपनी, ८ नोव्हेंबर २००८

चि. शोभनास,
आशीर्वाद.

यशोधन चौदा मतांनी पडला. घरात सुतक असल्यासारखं वाटतंय. तो म्हणतो, मावशीची गाडी यंदा दिसलीच नाही. एका फोटोवरून एवढा डूख धरलास? राजकारणात तडजोडी कराव्याच लागतात. तू त्याला मत दिलंस की नाही, एवढंच खरं सांग.

लतिका

ईडन प्रेरी, १५ नोव्हेंबर २००८

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मागच्या खेपेला तो दोनशे मतांनी आला, तेव्हाही मी दिवसभर गाडी चालवली होती. पेढा द्यायलासुद्धा फिरकला नाही. दोन वर्षं वाट पाहिली. त्याने एकदा येऊन, मावशी, चुकलं, म्हटलं असतं तर मी सगळं विसरले असते. आलं ते यंदाचं पत्रक. फोटो तोच. कुणीतरी बोटंही पुसलीत, खांदा अगदी स्वच्छ.

मत मी त्यालाच दिलं, ताई. पासपोर्ट सोडून मिळवलेलं मत दुसऱ्या कुणाला देणार? पण गाडी गॅरेजमध्येच राहिली. तेविसातल्या एकोणीस म्हाताऱ्या अजून आहेत. कांचनकाकूंनी तीनदा फोन केला. कोट घालून इमारतीच्या लॉबीत बसल्या होत्या बिचाऱ्या. मी फोन उचलला नाही. आता त्यांच्यासमोर जायची मला लाज वाटते.

तुझ्याकडच्या फ्रेममध्ये मी अजून असेन, तर राहू दे.
शोभना