काऱ्या बैल आणि सहा गिधाडं

४ फेब्रुवारी
स. ७. क्र. ११ मेलेल्या गाईवर स्वतःहून उतरली. पिंजऱ्यात वाढलेली पोर, पण चोच मारायला शिकवावं लागलं नाही. सहा गिधाडं जंगलात सोडली, सहाही जिवंत. प्रकल्पाच्या साहेबांना फोन केला. म्हणाले, फोटो पाठव.
मामाजींना सांगितलं. सासरे माझे, पण या कामाचं कौतुक नवऱ्यापेक्षा त्यांनाच जास्त. "आमच्या लहानपणी सकारी बैल टाकला का दुपारी हाडं राहत. मंग एकायकी गिधाडं कुठी गेली, कोणाले समजलंच नाई."

१९ फेब्रुवारी
चार दिवस जंगलातल्या कॅम्पवर. आज दुपारी कुंपणाशी ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत आमचा काऱ्या, मेलेला. मामाजी मागे चालत.
"पुरलं नाई. म्हटलं, तुह्या पाखराइले होईल."
दोन वर्षं गावोगाव मीच सांगत फिरले, मेलेलं ढोर पुरू नका, इथे आणा. फॉर्मवर एक प्रश्न असतो : पंधरा दिवसांत दुखण्याचं इंजेक्शन दिलं का? दुसऱ्यांना दोनदा विचारते. एकदा एका बाईला रडवलं होतं. मामाजींचे डोळे बघून विचारलं नाही. स्वतःच 'नाही' लिहिलं. खाली सही.

२० फेब्रुवारी
पाच उतरली. एकाच वेळी पाच! दुपारपर्यंत काऱ्याचा सांगाडा. मामाजींना फोटो दाखवला. हसले.

२२ फेब्रुवारी
चार जणं सागावर. मान खाली. क्र. ११ ची मान छातीत. हलवायला गेले तर उडाली नाही. संध्याकाळी पडली. हातात उचलली. एवढी मोठी, आणि वजन...

२४ फेब्रुवारी
चारही गेली. काल पाचवं. नागपूरच्या डॉक्टरांनी कापली. काळजावर, किडनीवर चुना फासल्यासारखं पांढरं. डॉक्टर म्हणाले, "ढोराला दुखण्याचं इंजेक्शन दिलेलं होतं. ते मांस खाल्लं की यांची किडनी जाते. बंदी आहे त्याच्यावर."
माहीत आहे. हेच तर मी गावोगाव सांगते.
घरी येऊन विचारलं. मामाजी खाटेवर बसले होते. "गजाननभाऊनं दिलं दोन दिस. पाय टाकत नोहोता तो. सरकारी डॉक्टरले किती फोन केले! तू होतीस कुठी?"
"मले सांगितलं काऊन नाई?"
"तू इचारलं नाईस, बाई."

२६ फेब्रुवारी
गजाननभाऊकडे गेले. डिग्री नाही, पण आजूबाजूच्या सात-आठ गावांची ढोरं यांच्याच हातावर. अर्ध्या रात्री बोलावलं तरी येतात. त्या इंजेक्शनची बाटली लपवलीसुद्धा नाही.
"दुसरं औषध आहे ना भाऊ, पाखराइले न मारणारं?"
"आहे. त्यानं गुण उशिरा येते. ढोर तडपून राह्यलं असते, मालक माह्या तोंडाकडे पाहून राह्यला असते. तू येऊन उभी राह्य एकदा."
 

३ मार्च
साहेबांना खरं सांगितलं. ते फॉर्म बघत राहिले.
"इथे 'नाही' आहे. सही तुझी आहे. मग विषय संपला. पिंजऱ्यातली पाखरं, जंगलात टिकली नाहीत."
"सर, ते खोटं आहे."
"पुढच्या महिन्यात नवी पाखरं येताहेत. मंत्री येताहेत. तुझी नोकरी कंत्राटी आहे, वनिता."
मला वाचवताहेत असं त्यांना वाटतं.

५ मार्च
नागपूरच्या मुख्य कार्यालयाला रजिस्टर पोस्टानं तक्रारीचं पत्र. माझं नाव, मामाजींचं, गजाननभाऊंचं. औषध विकणाऱ्या दुकानाचंही. पोस्टातल्या माणसानं पत्ता वाचून माझ्याकडे पाहिलं.

१७ मार्च
चौकशीची माणसं आली. गजाननभाऊंची बॅग नेली. दुकान उघडंच आहे. साहेब खुर्चीवरच आहेत. मला कामावर येऊ नको असा निरोप.
सासूबाई बोलत नाहीत. ताट वाढतात, सरकवतात.

२१ मार्च
गजाननभाऊंनी आमच्या गावात यायचं सोडलं. बाकी गावांत जातात. नव्या बाटल्या कुठून, विचारायला नको.
उरलेलं सहावं पाखरू वैनगंगेपलीकडे आहे. कॅम्पवरची रेखा चोरून सांगते. तिकडे कोण काय टाकतं, कोणाला ठाऊक.

२९ मार्च
शांताबाई आली. शेजारीण. काऱ्याला ट्रॉलीत चढवायला हिचाच नवरा होता. म्हैस कालपासून अडलेली, रेडकू आडवं. सरकारी डॉक्टर ट्रेनिंगला. गजाननभाऊ तिचा फोन उचलत नाहीत.
"तू लाव, वनिता. तुह्या शब्दानंच येईल."
लावला. लगेच उचलला.
"येतो. आधी तो तक्रारीचा कागद मागं घे. तसं लिहून ठेव, आल्यावर वाचीन."
मी म्हटलं, थोड्या वेळानं सांगते. शांताबाईनं ऐकलं. चहा तसाच ठेवून उठली. मामाजी दारात उभे होते, तिला वाट दिली, माझ्याकडे पाहिलं नाही.
दिवस मावळतोय. समोर कोरा कागद आहे. म्हशीचं हंबरणं इथपर्यंत ऐकू येतंय.