डावा खांदा

४ जून

प्रिय कात्रीस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

फोनवर तू ‘बरी आहे’ एवढं सांगतेस आणि ठेवून देतेस, म्हणून हे पत्र. पत्रात एवढ्यावर सुटका नाही, निदान पान तरी भरावं लागतं.

नात्यानं तू माझी वहिनी, पण शिवणवर्गात एका बाकावर बसलेल्या मैत्रिणीला वहिनी म्हणायला माझी जीभ एकोणीस वर्षांत वळली नाही, ती आता काय वळणार. दादा जाऊन तीन आठवडे झाले. मी दुकानात लोकांच्या पँटी आखूड करत बसते आणि जिन्यात पाऊल वाजलं की मान वर करते. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या, पण माझ्याकडे यायचा तो तीन मजले चढून. आतलं सगळं माहीत असलेला माणूस लिफ्टमध्ये बसत नाही, असं म्हणायचा.

तू कामावर जायला लागलीस. फार लवकर गेलीस असं मला वाटतं, पण रिकाम्या घरात बसून तरी काय करणार होतीस? जेवतेस का ते लिही. काय जेवलीस तेही लिही, म्हणजे खोटं बोलणं जरा अवघड जाईल.

लोभ आहे, तो आहे तसा राहू दे.

तुझी,
उसवणी


११ जून

प्रिय उसवणीस,
स. न. वि. वि.

जेवते. काल भात आणि अंडं, आज कालचाच भात.

नोकरी गेली. हे आधी लिहून टाकते, नाहीतर चार पानं इकडचं तिकडचं लिहीन.

एका हॉटेलच्या दरवानांसाठी चाळीस कोट होते. कापडाचे चाळीस थर एकावर एक पसरायचे, वरच्या थरावर मी खडूनं खुणा करायच्या आणि सगळे एकदम कापायचे. मी कापडावर कागदी नमुना ठेवत नाही, खुणा हातानंच करते, याचं मालकांना कोण कौतुक. शुक्रवारी कोट शिवून, इस्त्री होऊन दांडीवर लागले, तेव्हा बटणवालीच्या लक्षात आलं. चाळीसच्या चाळीस कोटांचा डावा खांदा अर्धा इंच खाली.

तुझ्या दादाचा खांदा. चोवीस वर्षं अवजारांची पिशवी त्याच खांद्यावर वाहिली, म्हणून उतरलेला. त्याचे सगळे कपडे मीच कापले, डावीकडे अर्धा इंच जास्त उतार देऊन. दरवर्षी म्हणायचे, पिशवी दुसऱ्या खांद्यावर घे, नाहीतर हे काम सोड. तो म्हणायचा, खांदा आता वाढत नाही, हवं तर मापून बघ. मी मापायचे. अर्धा इंचच भरायचा, आणि माझं तोंड बंद व्हायचं.

मालक ओरडले नाहीत. विश्रांती घे म्हणाले, आणि सोमवारपासून दुसरा माणूस बोलावलाय असंही म्हणाले. चाळीस कोट वाया गेले, मी कुठल्या तोंडानं बोलणार?

पण तुला म्हणून सांगते, दांडीकडे बघितलं तेव्हा मला चूक दिसलीच नाही. तो चाळीस वेळा पाठमोरा उभा आहे असं वाटलं. मी तिथून हलेना, शेवटी बटणवालीनं हाताला धरून बाहेर आणलं.

तुझा लोभ असू दे, सध्या तेवढाच आहे.

तुझी,
कात्री


१५ जून

प्रिय कात्रीस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

पत्र वाचून आधी रडले, मग तुझ्या मालकाला मनातल्या मनात दोन शिव्या घातल्या, मग गिऱ्हाईक आलं म्हणून तोंड धुतलं.

तू इकडे ये. वरची खोली रिकामी आहे. दुकानात लांब टेबल आहे आणि त्यावर मी नुसते ढीग रचते, कारण मला कापता येत नाही. मी टाके उसवत बसायचे आणि तू कापत सुटायचीस, म्हणून तर वर्गातल्या बाईंनी आपल्याला ही नावं ठेवली. लोक नवीन कपडे शिवून मागतात आणि मी त्यांना हात हलवत परत पाठवते. तेव्हा उपकार वगैरे डोक्यात आणू नकोस, माझाच स्वार्थ आहे.

आणि खांद्याचं म्हणशील, तर बावीस वर्षं मी लोकांना आरशापुढे उभं करते आहे. दोन्ही खांदे सारखे असलेला माणूस मला अजून भेटायचाय.

लोभ आहे. उत्तर लवकर दिलंस तर वाढेल.

तुझी,
उसवणी


२२ जून

प्रिय उसवणीस,
स. न. वि. वि.

मी येत नाही. का ते लिहिते, म्हणजे तू फुगून बसणार नाहीस.

परवा शेजारणीनं तिच्या भावाच्या शर्टाचं कापड आणून दिलं. दोनदा खुणा केल्या, दोन्ही वेळा डावा खांदा खाली आला. पुसलं आणि कापड परत देऊन टाकलं. तिसऱ्यांदा कदाचित सरळ आला असता. मला तो सरळ यायला नको होता.

त्याचं माप मी कुठेच लिहून ठेवलेलं नाही गं. वहीत नाही, कागदावर नाही, फक्त या हातात आहे. हात सरळ चालायला लागला की तोही गेला. त्याचा आवाज मला आताच नीट आठवेनासा झालाय. रोज सकाळी आठवून बघते, आणि रोज थोडा कमी येतो. खांदा तरी राहू दे. नोकरीचं एवढं काही नाही, पण तुझ्या टेबलाशी उभी राहिले तर महिन्याभरात हात सुधारेल, याची मला भीती वाटते.

मला बोलावू नकोस. लोभ मात्र काढून घेऊ नकोस.

तुझी,
कात्री


२६ जून

प्रिय कात्रीस,
नमस्कार वि. वि.

राग आला. दोन दिवसांनी उतरला.

दादा तुझ्या एकटीचा नव्हता. तुझ्याजवळ हात तरी आहे, माझ्याजवळ जिना आहे फक्त. मलाही त्याचं काहीतरी हवं आहे. त्याच्या खांद्याचा नमुना खाकी कागदावर काढून पाठव, बाईंनी शिकवला तसा, पट्टी लावून. त्याचा तो राखाडी कोट घरात असेलच. त्यावरून मोज, नुसती हातावर विसंबू नकोस. मी तो कागद आरशाशेजारी खिळ्याला लावीन. मग तुझा हात सरळ जावो की वाकडा, तो कुठे जाणार नाही.

तू आली नाहीस तरी चालेल. कागद पाठव.

लोभ आहेच, तुला नको असला तरी.

तुझी,
उसवणी


३ जुलै

प्रिय उसवणीस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

कागद काढलाय, पण पोष्टात टाकला नाही.

राखाडी कोट टेबलावर पसरला. तीन वर्षं रोज अंगावर होता. डाव्या खांद्याखाली, बगलेच्या जरा वर, एक आडवी सुरकुती आहे. इस्त्री फिरवली तरी जात नाही, कापड तिथे झिजून पातळ झालंय. कोटापेक्षा खांदा खाली असला की जास्तीचं कापड तिथेच गोळा होतं, हे तुला काय सांगायचं. मोजलं. पाव इंच. म्हणजे खांदा पाऊण इंच उतरला होता, अर्धा नाही.

मी टेप लावला की तो श्वास धरून उभा राहायचा आणि आरशातून माझ्याकडे बघायचा. गुदगुल्या होत असतील असं मला वाटायचं. खांदा वर उचलून धरायचा गं तो, पाव इंच, मी काळजी करू नये म्हणून. आणि कोट खांद्यावर नीट बसत नाही, असं एकदाही बोलला नाही. माझ्या हातात होता तो त्याचा खांदा नव्हताच, मला दाखवायचा तो होता.

खूप रडले. त्याच्याशी भांडायचंय मला, कडकडून भांडायचंय, आणि तो नाही. एवढी आठवण या दीड महिन्यात आली नव्हती.

मग खाकी कागद घेतला आणि पाऊण इंच काढला. पोष्टात घडी पडेल, म्हणून गुंडाळी करून मीच घेऊन येते. शनिवारी दुपारच्या गाडीनं निघते. टेबलावरचा ढीग आवरून ठेव.

राखाडी कोट बरोबर आणते. डावा खांदा तू उसवून दे. एकदा तरी तो मला त्याच्या मापाचा करायचाय.

लोभ आहे. उरलेला भेटीत.

तुझी,
कात्री