मिनाचं झाड नर निघालं

सापारुआ बेट,
रविवार, ४ मे १८८४

मिनाबाळ, तुला आजीचे खूप खूप पापे.

सगळ्यात आधी कोण आलं म्हणशील तर राजाचं कुत्रं. त्याच्यामागे आपला गावचा राजा (राजा कसला, सरकारचा पाटीलच तो), एवढ्या उन्हात काळा कोट चढवून. आणि त्याच्यामागे लाल नाकाचा डच साहेब, झाडपाल्याचा अभ्यास करत बेटं फिरणारा. मी सागूच्या वड्या भाजत होते. तुला सातवा ना गं आता? वाकून पाणी भरू नकोस.

साहेब मोठा गोड माणूस. चार वड्या खाल्ल्या. मग परसात शिरला आणि आजोबांनी डोंगरातून आणलेली ती दोन झाडं बघून जागीच खिळला. तुझी नाळ पुरली तिथलं एक, तुझ्या भावाची, एलिफासची पुरली तिथलं दुसरं.

"आजी, या झाडाचं नाव काय?"

मी म्हटलं, "मिनाचं झाड." त्याने तस्सं वहीत उतरवलं!

राजा ओरडला, "अगं कोस्तान्सा, ते जात विचारतायत!"

"मग माझ्या मिनाहून चांगली जात कुठली?" सगळे हसले. तुझं नाव हॉलंडला चाललंय बाई!

मग त्याने दोन्ही झाडांखाली पडलेली फुलं भिंगातून पाहिली. तुझं झाड निघालं नर, आणि आपल्या शिपाई एलिफासचं मादी! मी एवढी हसले की तव्यावरची वडी जळून गेली.

साहेब म्हणाला, नमुना हवा. मी म्हटलं, घ्या की, हवा तेवढा. मला वाटलं, नमुना म्हणजे फूल, फार तर डहाळी. राजाची माणसं कुऱ्हाडी घेऊन आली. शेंड्याची फुलं हाताला येत नव्हती, शिवाय खोडाची चकतीही हवी होती. मी आडवी गेले, तर साहेब म्हणतो, "आजी, तुम्हीच हो म्हणालात." म्हणाले होते गं.

तर तुझं झाड पाडलं, मिना. हे आधीच लिहायचं होतं, हात भलतीकडेच जात राहिला. गुरुजी म्हणतात, झाड पडलं म्हणून माणसाला काही होत नाही, ही जुनी खुळं. असेल तसं. तरी तू बरी आहेस एवढी एक ओळ लिही.

आता त्याला मादीही हवी. नाहीतर पुस्तकात अर्धंच राहील म्हणतो. एलिफास अचेच्या लढाईवर गेला त्याला तीन वर्षं झाली, पत्र येऊन दोन. रोज सकाळी त्याच्या झाडाची पालवी बघते, मगच चूल पेटवते. हे राजाला सांगितलं, तर म्हणाला, "सरकारी काम आहे, मी कोण अडवणारा?" साहेबाला सांगितलं, तर त्याने तेही वहीत लिहून घेतलं.

तुझा नवरा तिथे अंबोनच्या कचेरीत आहे. वरच्या साहेबाची चिठ्ठी मिळाली तर बघायला सांग. मी काय, ओट्यावर बसून दारच राखणार. अंबोनला जाणारी टपालाची होडी शुक्रवारी सुटते.

तुझी, हो म्हणून बसलेली,
आजी

साहेब मंगळवारी सकाळी येतो म्हणून सांगून गेलाय.